बारा गावचं पाणी प्यायलेला स्ट्रायकर

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. त्या संघाचा स्ट्रायकर ॲडम ले फॉन्ड्रे मुंबईकडून खेळण्याआधी नऊ क्लब फिरून आला होता. इतके क्लब बदलणारा खेळाडू मुळात चांगला असतो का? असेल, तर त्याला कुणी धरून का ठेवत नाही? आणि अशी कारकीर्द बघून माणसाची पारख कशी करायची?

आधी शब्दाबद्दल. इंग्लंडमध्ये अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. मूळ अर्थ रोजावर काम करणारा कारागीर: उमेदवारी संपली आहे, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही. फुटबॉलमध्ये हा शब्द जरा नाक मुरडून वापरला जातो, तरी मूळ अर्थ चपखल बसतो. या लोकांना काम येत असतं. त्यांना वर्षा-दोन वर्षांनी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं, एवढंच.

क्लबांची नुसती संख्या मोजून काही कळत नाही. प्रत्येक बदलापुढे तीन गोष्टी लिहून काढा: कोणता महिना, पैसे मोजून घेतला की फुकट की लोनवर (म्हणजे करार जुन्याच क्लबशी, खेळाडू काही काळ उसना), आणि त्या वेळी दोन्हीकडे मॅनेजर कोण होता. एवढं केलं की 'पायाला भिंगरी' असलेल्या कारकिर्दीतले अर्धे बदल आपोआप गळून पडतात. ले फॉन्ड्रेवरच करून बघू.

त्याचा जन्म १९८६ चा, गाव स्टॉकपोर्ट, पहिला क्लबही स्टॉकपोर्ट काउंटी. तिथून २००७ मध्ये शेजारच्या रॉचडेलला, आधी लोनवर, मग कायमचा. २००९ च्या उन्हाळ्यात रॉदरहॅमने त्याच्यासाठी सुमारे दीड लाख पौंड मोजले. ऑगस्ट २०११ मध्ये रेडिंगने साडेतीन लाखांच्या आसपास दिले. इंग्लंडची उतरंड डोळ्यासमोर ठेवा: वर प्रीमियर लीगचे २० क्लब, खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. रॉचडेल आणि रॉदरहॅम तेव्हा चौथ्या पायरीवर होते, रेडिंग दुसऱ्या. रॉदरहॅम तर त्या काळात स्वतःच्या मैदानावरही खेळत नव्हतं. शेफील्डच्या डॉन व्हॅली ॲथलेटिक्स स्टेडियममध्ये, धावपट्टीच्या पलीकडे बसलेल्या प्रेक्षकांसमोर खेळायचं. तिथे त्याने दोन हंगामांत लीगचे ४८ गोल केले, २५ आणि २३.

रॉदरहॅम आणि रेडिंग हे दोन्ही बदल उन्हाळ्यातले, पैसे देऊन झालेले, आणि दुसरा तर थेट दोन पायऱ्या वर. याला भटकणं म्हणत नाहीत, ही बढती आहे. खालच्या लीगमधला क्लब २० गोल करणारा स्ट्रायकर सहसा ठेवूच शकत नाही. तो त्याच्या ताळेबंदातली सगळ्यात महागडी वस्तू असतो. करारात एकच वर्ष उरलं की विकणं भाग पडतं, कारण ३० जूनला करार संपला आणि खेळाडू २४ वर्षांचा झालेला असला की तो फुकट जातो. त्याहून लहान असेल तर जुन्या क्लबला भरपाई मिळते; दोन क्लबांचं जमलं नाही तर रक्कम लवाद ठरवतो. म्हणून इंग्लंडमध्ये २२-२३ च्या वयात बरीच विक्री होते. ले फॉन्ड्रे रॉदरहॅमला गेला तेव्हा २२ चा होता.

रेडिंगमध्ये पहिल्याच हंगामात त्याचे लीगचे १२ गोल झाले आणि क्लब चॅम्पियनशिप जिंकून वर गेला. आणि इथे बढती मिळवून देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्ट्रायकरच्या बाबतीत घडतं तेच घडलं. क्लबच्या हातात टीव्हीचा पैसा आला, आणि नवा स्ट्रायकर आणला गेला: रशियाचा पावेल पोग्रेब्न्याक, फुलहॅममधून. ज्याने वर आणलं तो बेंचवर. मॅनेजर ब्रायन मॅकडरमॉटला दोष देण्याचं कारण नाही. वरच्या लीगमध्ये चेंडू कमी वेळ मिळणार, मग पुढे एकटा उभा राहून चेंडू धरून ठेवणारा धिप्पाड माणूस हवा, हा हिशोब तेव्हा सगळेच करत होते.

ले फॉन्ड्रे त्या साच्यातला नव्हता. तो पेनल्टी क्षेत्रात राहणारा, बुटका म्हणता येईल असा, एका स्पर्शात चेंडू जाळ्यात घालणारा. अशा खेळाडूचं काम जवळून बघण्यासारखं असतं. विंगरकडे, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूकडे, चेंडू येतो तेव्हा तो सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) पाठीमागच्या खांद्याशी उभा असतो, म्हणजे बचावपटूला चेंडू आणि माणूस एकाच वेळी दिसत नाहीत. मग दोन पावलं मागे, दूरच्या खांबाकडे गेल्यासारखी. बचावपटू वजन त्या पायावर टाकतो, की हा जवळच्या खांबाकडे कापतो. सगळा फरक अर्ध्या मीटरचा. क्रॉस, म्हणजे कडेकडून येणारा पास, सुटण्याआधी कापलं तर ऑफसाइड किंवा आधीच पोचून थांबावं लागतं. सुटल्यावर पाऊण सेकंद उशीर झाला तर चेंडू पुढून जातो. शिवाय हे नव्वद मिनिटांत पंधरा-वीस वेळा करायचं आणि त्यातल्या एखाद-दोन वेळीच चेंडू येतो. उरलेल्या फेऱ्या टीव्हीच्या चौकटीबाहेर होतात, म्हणून प्रेक्षकाला वाटतं हा दिवसभर उभाच होता.

अशा माणसाला दमलेला बचाव मिळाला तर काय होतं ते जानेवारी २०१३ मध्ये दिसलं. वेस्ट ब्रॉमविरुद्ध रेडिंग ०-२ मागे, तो बेंचवरून आला, पेनल्टी मारली, सामना ३-२. पुढच्या शनिवारी न्यूकॅसलमध्ये बेंचवरून दोन गोल, २-१. महिनाअखेरीस चेल्सीविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन, २-२. महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली. त्या हंगामात प्रीमियर लीगचे १२ गोल, तेही बहुतेक वेळा बेंचवरून येऊन. तरी रेडिंग खाली गेलं.

आता पुढची पानं, जिथे कारकीर्द 'विस्कटलेली' दिसते. मे २०१४ मध्ये रेडिंगने, पैशांची ओढाताण असताना, त्याला कार्डिफला विकलं. कार्डिफचा मॅनेजर ओले गुनार सोल्शार. ज्याने स्वतः मँचेस्टर युनायटेडसाठी बेंचवरून येऊन गोल करण्यात हयात घालवली, त्याला हा खेळाडू का हवा होता हे सांगायला नको. सप्टेंबरमध्ये सोल्शार गेला, रसेल स्लेड आला. जानेवारी २०१५ मध्ये ले फॉन्ड्रे लोनवर बोल्टनला. पुढच्या हंगामात लोनवर वुल्व्ह्जला. त्याच्या पुढच्या हंगामात लोनवर विगनला, आणि जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा लोनवर बोल्टनला.

कागदावर चार ओळी, प्रत्यक्षात एकच घटना. २०१४ च्या उन्हाळ्यात कार्डिफशी तीन वर्षांचा करार झाला. ज्याने आणलं तो मॅनेजर चार महिन्यांत गेला. पगार मोठा असल्यामुळे कुणी कायमचा घेईना. मग करार संपेपर्यंत लोन. या चार ओळींवरून 'चार क्लबांनी नाकारलं' असा अर्थ काढणारा माणूस एकाच निर्णयाला चारदा मोजतो आहे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

लोनचा व्यवहारही समजून घ्यावा. मूळ क्लब आणि घेणारा क्लब पगार वाटून घेतात. वाटा किती, हे सौद्यावर. लोनवरचा खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध सहसा खेळू शकत नाही. घेणाऱ्या मॅनेजरला त्याच्यात पुढची किंमत नसते, कारण उद्या विकून पैसे आपल्याला मिळणार नाहीत. म्हणून स्वतःचा २१ वर्षांचा आणि लोनवरचा २९ वर्षांचा सारखाच खेळत असतील तर तरुणाला संधी मिळते. लोनवरच्याला पहिले सहा सामने महत्त्वाचे. तेवढ्यात दोन गोल झाले तर जागा पक्की, नाहीतर बेंच. बोल्टनला दोन्ही वेळा त्याचं जमलं, वुल्व्ह्ज आणि विगनला नाही. बोल्टन दुसऱ्या वेळी लीग वनमधून वर गेलं आणि २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला कायमचा घेतला. आणखी एक बारकावा: २०१६ च्या आधी इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत) बंद असतानाही 'इमर्जन्सी लोन' चालायची, महिन्याभरापासून तीन महिन्यांपर्यंत. त्या काळातल्या स्ट्रायकरांच्या नोंदी म्हणूनच इतक्या लांब दिसतात. त्यानंतरच्या खेळाडूंशी क्लबांची संख्या लावून तुलना करणं चुकीचं.

रॉचडेलचं नाव वर आलं, तर तिथे थोडं थांबू. त्या गावाच्या स्पॉटलंड मैदानावर २००५-०६ च्या हंगामात, चौथ्या पायरीवर, रिकी लॅम्बर्ट आणि ग्रँट होल्ट ही जोडी खेळत होती. जानेवारी २००६ मध्ये होल्टला नॉटिंगहॅम फॉरेस्टने नेलं, ऑगस्टअखेर लॅम्बर्टला ब्रिस्टल रोव्हर्सने. ले फॉन्ड्रे त्यानंतर आला. या तिघांनी पुढे प्रीमियर लीगच्या एकेका हंगामात किती गोल केले बघा: होल्ट १५, नॉर्विचकडून २०११-१२ मध्ये. लॅम्बर्ट १५, साउथॅम्प्टनकडून २०१२-१३ मध्ये. ले फॉन्ड्रे १२, त्याच हंगामात. होल्टच्या त्या हंगामात त्याच्यापेक्षा जास्त गोल करणारा इंग्लिश खेळाडू एकच होता, वेन रूनी. तरी युरो २०१२ च्या संघात त्याला बोलावणं आलं नाही.

मग होल्ट आणि लॅम्बर्ट सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत खाली का राहिले? दोघांची कारणं वेगळी आहेत.

होल्ट हा खरा फिरस्ता. हॅलिफॅक्स, मग बिगर-लीगमधलं (या चार पायऱ्यांच्याही खालचं) बॅरो, मध्ये सिंगापूरचा सेंगकांग मरीन सुद्धा. फॉरेस्टमध्ये त्याला बऱ्याचदा कडेला, डावीकडे खेळवलं गेलं. बचावपटूला अंगावर घेऊन, कुल्ल्याचा आधार देऊन चेंडू झाकणाऱ्या माणसाला टचलाइनवर उभं करणं म्हणजे पहिलवानाला धावण्याच्या शर्यतीत उतरवणं. गोल आटले. २००८ मध्ये तो खाली, चौथ्या पायरीवरच्या श्रूजबरीला गेला, पुन्हा मधोमध उभा राहिला, लीगमध्ये २० गोल. पुढच्या उन्हाळ्यात नॉर्विच. तिथला पहिला सामना घरच्या मैदानावर कोल्चेस्टरकडून १-७ ने हरला; दहा-बारा दिवसांत नॉर्विचने त्याच कोल्चेस्टरचा मॅनेजर पॉल लॅम्बर्ट उचलून आणला. त्याच्या हाताखाली होल्ट कर्णधार झाला आणि लागोपाठ दोन बढत्या मिळाल्या. म्हणून नोंदीत खाली जाणं दिसलं की लगेच घसरण समजू नये. जागा परत मिळवायला खाली जाणं हा या धंद्यातला जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे.

रिकी लॅम्बर्टचं दुखणं शरीराचं होतं. पायात कला पहिल्यापासून: फ्री-किक, छातीवर चेंडू घेऊन वळणं, विरुद्ध बाजूला चाळीस मीटरचा पास. लिव्हरपूलच्या अकादमीने पंधराव्या वर्षी सोडलं, ब्लॅकपूलने सोडलं तेव्हा तो काही काळ बीटाच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. ब्रिस्टल रोव्हर्सकडून २००८-०९ मध्ये त्याने लीगमध्ये २९ गोल केले. ऑगस्ट २००९ मध्ये त्याला घेणाऱ्या साउथॅम्प्टनला त्याची ओळख होतीच. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच्याच फ्री-किकने त्यांना एफए कपमधून बाहेर काढलं होतं. तिथे मॅनेजर ॲलन पार्ड्यूने आल्या आल्या त्याच्या वजनावर बोट ठेवलं. चरबी उतरली, धाव वाढली, आणि पहिल्या हंगामात लीगचे ३० गोल झाले. साउथॅम्प्टनसाठी मारलेल्या ३४ च्या ३४ पेनल्टी आत. १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध, वयाच्या ३१ व्या वर्षी, इंग्लंडकडून पदार्पण, आणि बेंचवरून आल्यावर पहिल्याच स्पर्शाला हेडरने विजयी गोल. खालच्या लीगमध्ये कसब असूनही अडकलेल्या स्ट्रायकरकडे बघताना म्हणूनच आधी ७० व्या मिनिटानंतरची धाव बघावी. कला शिकवायला वर्षं लागतात, आठ किलो वजन एका उन्हाळ्यात उतरतं.

पारख करताना आकडे कसे वापरायचे? एकूण गोल वाचू नका. पेनल्टी वजा करा, उरलेल्या गोलांना खेळलेल्या मिनिटांनी भागा. उदाहरणादाखल, एकाने २७०० मिनिटांत १५ गोल केले, त्यात ५ पेनल्टी. २७०० म्हणजे ३० पूर्ण सामने. १० भागिले ३०, म्हणजे सामन्यामागे ०.३३. दुसऱ्याने १३५० मिनिटांत पेनल्टीशिवाय ९ केले: ९ भागिले १५, म्हणजे ०.६. वर्तमानपत्रात पहिला मोठा, प्रत्यक्षात दुसरा. पण थांबा, दुसऱ्याची मिनिटं बेंचवरून आलेली असतील तर तो आकडा फुगलेला असतो, कारण शेवटच्या वीस मिनिटांत बचाव दमलेला आणि सामना उघडा असतो. त्याला ६० मिनिटं सुरुवातीपासून खेळवलं की दर उतरतो. ले फॉन्ड्रेबाबत मॅनेजरांमध्ये जो मतभेद दिसतो तो नेमका याच जागी.

करारातल्या कलमांचाही मैदानावर परिणाम होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. मूळ पगार, सामना खेळल्याचा भत्ता, गोलामागे रक्कम, बढती मिळाली तर वाढ, क्लब खाली गेला तर कपात. ठरावीक सामने सुरू केले की करार आपोआप एक वर्ष वाढतो, असंही कलम असतं. तिशी ओलांडलेला स्ट्रायकर मार्चमध्ये, तब्येत ठणठणीत असताना, अचानक बेंचवर दिसू लागला तर पायापेक्षा या कलमाकडे आधी बघा. मे महिन्यात क्लब कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याची यादी जाहीर करतो; जूनअखेर पगार बंद. स्ट्रायकरला त्यातल्या त्यात बरं, कारण गोल सगळ्यांना हवे असतात. पण चारऐवजी दोन हंगामांचाच करार मिळतो, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच.

एक बदल मात्र खेळाच्या पद्धतीतून आला. जोवर इंग्लंड ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) खेळत होतं, तोवर धिप्पाड आणि चपळ अशी जोडी लागायची. प्रत्येक क्लबात स्ट्रायकरच्या दोन जागा. एकच स्ट्रायकर पुढे ठेवण्याची पद्धत रुळली आणि एक जागा गेली. गेली ती पेनल्टी क्षेत्रात राहणाऱ्याची. लॅम्बर्टसारखा मागे उतरून पास देणारा टिकतो, ले फॉन्ड्रेसारख्याला तीन मिडफिल्डर भरपूर चेंडू पुरवतील असा संघ शोधावा लागतो.

असा संघ त्याला इंग्लंडबाहेर मिळाला. त्याआधी ६ मे २०१८ ला बोल्टनमध्ये एक शेवटचं काम झालं. चॅम्पियनशिपमध्ये टिकण्यासाठी फॉरेस्टविरुद्ध विजय हवा होता. पहिला गोल ले फॉन्ड्रेचा, मग १-२ ने मागे, शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल, ३-२. विजयी गोल ॲरन विल्ब्रॅमचा, वय ३८, तोही असाच फिरस्ता. त्या उन्हाळ्यात ले फॉन्ड्रे सिडनीला गेला. पहिल्या हंगामात लीगचे १६ गोल, दुसऱ्या हंगामात २०, दोन्ही वर्षी सिडनी विजेता.

सिडनीहून तो लोनवर मुंबई सिटीकडे आला. कोविडमुळे ती अख्खी आयएसएल गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, प्रेक्षकांशिवाय झाली. मॅनेजर सर्जिओ लोबेरा, खेळ चेंडू ताब्यात ठेवण्याचा, ह्यूगो बुमूससारखा पुरवठादार मागे. पहिला सामना मुंबई हरली. दुसरा २५ नोव्हेंबरला फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध. गोव्याचा एक खेळाडू पहिल्या सत्रातच बाहेर गेलेला, तरी नव्वद मिनिटं गोलशून्य. वाढीव वेळेच्या पाचव्या मिनिटाला पेनल्टी, ले फॉन्ड्रे, १-०. हंगामात त्याचे ११ गोल.

मग मुंबईने त्याला ठेवला का नाही? तीन गोष्टी बघा. करार लोनचा होता आणि मूळ क्लब सिडनी. वय ३४. एका वेळी मैदानावर परदेशी पाचच चालत आणि त्याच जागेसाठी संघात बार्थोलोम्यू ओग्बेचेही होता. तो सिडनीला परतला, पुढे २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या हिबर्नियनला गेला; जिथे होल्टही एक हंगाम खेळून गेला होता. मुंबईने त्याच्या जागी गोव्याकडून इगोर अँगुलो आणला.

हीच रीत ओग्बेचेवर वापरून बघा. चार हंगामांत चार भारतीय क्लब: नॉर्थईस्ट १२ गोल, केरला ब्लास्टर्स १५, मुंबई ८, हैदराबाद १८. मुंबईच्या आठांपुढे मिनिटं लिहायला विसरू नका. बरीचशी ले फॉन्ड्रेबरोबर वाटून घेतलेली आहेत.